हेडस्टॉकवर सहा की आठ?

टोकियोत राहून जुनी गिटार शोधायची तर दोन रस्ते. एक ओचानोमिझुचा. स्टेशनातून बाहेर पडलं की उतारावर ओळीनं गिटारचीच दुकानं, काचेआड पुसूनपुसून ठेवलेला माल, आणि प्रत्येकाच्या चिठ्ठीवर साल-मॉडेल सगळं लिहिलेलं, किमतीसकट. दुसरा रस्ता हार्ड ऑफसारख्या जुन्या सामानाच्या दुकानांचा. तिथल्या ‘जंक’ कोपऱ्यात तारा गंजलेल्या, नॉब गायब झालेल्या गिटारी उभ्या असतात. चिठ्ठीवर एवढंच, की चालते की नाही ते तपासलेलं नाही आणि परत घेणार नाही. माझ्या खिशाला दुसरा रस्ता मानवतो.

तिथून मी एक काळी ग्रेको ही जपानी इलेक्ट्रिक गिटार उचलली. गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या प्रसिद्ध लेस पॉल मॉडेलच्या आकाराची, अंगानं जड, मागच्या बाजूला पट्ट्याच्या बकलांनी ओरखडून ठेवलेली. पुण्यातल्या धाकट्या भावाला फोटो पाठवले, तर त्याचा लगेच फोन. “दादा, कितीची आहे रे? म्हणजे कुठल्या सालची?” मी म्हटलं, तेच शोधायचंय. “अरे, मग सिरियल नंबर टाक की नेटवर, झालं!”

झालं असतं, नंबर धड असता तर. ग्रेको हा कांदा शोकाई या कंपनीचा ब्रँड, पण सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या या गिटारी बनायच्या मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात. हा कारखाना 1960 चा, नागानो प्रांतातला. नागोयाच्या होशिनो गाक्कीच्या आयबानेझ गिटारीही तिथंच व्हायच्या. त्यामुळे त्या काळच्या दोन्ही ब्रँडच्या नंबरांची वाचायची रीत सारखी. आधी एक अक्षर, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. मग सालाचे शेवटचे दोन आकडे, पुढे अनुक्रमांक. 1975 च्या आधीच्या आयबानेझवर तर नंबरच नसायचा, म्हणजे तसं पाहिलं तर माझं नशीब बरं.

फक्त माझ्या गिटारीच्या हेडस्टॉकची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या भागाची, मागची बाजू कुणीतरी ब्रशनं काळ्या रंगानं रंगवून टाकली होती. का, ते त्यालाच ठाऊक. चोरीची असेल अशी शंका भावानं लगेच काढली. मला वाटतं बिचाऱ्यानं ओरखडे झाकले असावेत, कारण पुढची बाजूही तशीच लडबडलेली होती.

नंबर लाकडात दाबून उमटवलेला होता, म्हणून आशा होती. खोलीतले दिवे बंद केले आणि मोबाइलचा टॉर्च हेडस्टॉकला जवळजवळ टेकवून आडवा धरला. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. कडेनं टाकला की खळग्यांच्या सावल्या पडतात. एच दिसला. मग सात. त्यापुढचा आकडा नेमका खरवडलेला. सहाही वाटावा, आठही. पुढचे चार आकडे मात्र स्वच्छ. म्हणजे ऑगस्ट नक्की, साल 76 किंवा 78. थिनर लावून रंग काढायचा मोह झाला, पण खालचं मूळ पॉलिशही निघालं असतं, म्हणून हात आवरला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. जपानबाहेर विकायला असलेली सत्तरच्या दशकातली कुठलीही जपानी लेस पॉल बघा, जाहिरातीत ‘लॉसूट एरा’, म्हणजे ‘खटल्याच्या काळातली’, हे शब्द असणारच. ऐकणाऱ्याला वाटतं, कोर्टानं बंदी घातलेला दुर्मिळ माल! खरा खटला एकच. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिनं 1977 मध्ये आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर, एल्गर कंपनीवर, फिलाडेल्फियात दावा लावला, तोही हेडस्टॉकच्या आकारावरून. 1978 च्या सुरुवातीला कोर्टाबाहेर तडजोड झाली. आयबानेझनं तो आकार त्याआधीच बदलायला घेतला होता. ग्रेको मुख्यतः जपानातच विकली जायची, तिचा या भानगडीशी काडीचा संबंध नाही. उघड्या पुस्तकासारखा तो हेडस्टॉक तिच्यावर पुढेही काही वर्षं कायम राहिला. त्यामुळे या बिरुदावरून गिटारचं वय काढायला जाऊ नये. विकणाऱ्याची हौस तेवढी कळते.

मग मी गिटार उघडायला घेतली. जपानी स्क्रूंची फुली आपल्या नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला नीट बसत नाही. जोर लावला की टोक वर सरकतं आणि डोकं खाल्लं जातं. ‘जिस’ (JIS), म्हणजे जपानी मानकाच्या मापाचा ड्रायव्हर इथं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. भारतात अशी गिटार उघडणाऱ्यानं तो आधी मागवावा.

मान खोडाला चिकटवलेली आहे हे बाहेरूनच दिसत होतं. सत्तरच्या सुरुवातीच्या ग्रेको लेस पॉलना मान चार स्क्रूंनी जोडलेली असायची, त्यामुळे तो काळ बाद. नेक पिकअप, म्हणजे मानेजवळचं, तारांची कंपनं टिपणारं चुंबकी यंत्र, उचलून खालच्या खाचेत पाहिलं. 1980 च्या आसपासच्या ग्रेकोच्या सुपर रिअल मालिकेतल्या महागड्या गिटारीत मानेची लाकडी जीभ तिथपर्यंत लांब आलेली दिसते. माझ्यात तसं काही नव्हतं. यानं 76 आणि 78 मधला वाद सुटत नाही, पण दोन्ही टोकांना कुंपण पडलं.

खरा पुरावा पिकअपच्या पाठीवर होता. ही पिकअप मॅक्सॉनची, म्हणजे निश्शिन ओनपा या कंपनीची. ट्यूब स्क्रीमर हा हिरवा पेडल वाजवणाऱ्या सगळ्यांना माहीत असतो, तोही हिनंच बनवलेला. पिकअपच्या तळाच्या पत्र्यावर आकड्यांचा शिक्का असतो आणि संग्राहक त्यातला एक आकडा सालाचा शेवटचा अंक म्हणून वाचतात, त्याच्या पुढचा महिन्याचा. माझ्या नेक पिकअपवर आठ होता, त्यापुढे सहा. ब्रिज पिकअपवर, म्हणजे मानेपासून लांबच्या दुसऱ्या पिकअपवर, शिक्काच नाही, ते मागाहून कुणीतरी बसवलेलं.

पण नेक पिकअप तरी मूळचं कशावरून? तेही दुसऱ्या गिटारीतून काढून घातलेलं असू शकतं. मी ओचानोमिझुच्या गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गिटार नेली. सत्तरीचे गृहस्थ, माझ्या मोडक्या जपानीला दाद न देता सरळ कामाला लागले. मागचं झाकण काढलं आणि डोळ्याला भिंग लावून तारांचे डाग, म्हणजे सोल्डरनं जोडलेले सांधे, बघत बसले. एका पॉटवर, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या नॉबखालच्या भागावर, बोट ठेवलं. तिथला डाग मातकट, वर राळेचा तपकिरी थर तसाच, आणि नेक पिकअपची तार त्याच थराखाली गाडली गेलेली. कुणी ती काढून पुन्हा जोडली असती तर थर फुटला असता. शेजारचा ब्रिजचा पॉट चकचकीत, डाग टपोरा नि ताजा, तारेचं प्लॅस्टिकही वेगळ्या रंगाचं. मूळचे पॉट मिलिमीटरच्या मापाचे, त्यामुळे नवीन अमेरिकन पॉट बसवणाऱ्यानं भोक मोठं केलेलंही लाकडात दिसत होतं.

“गोजू-सान-नेन,” ते म्हणाले. त्रेपन्न साल. मी क्षणभर बघतच राहिलो. मग लक्षात आलं, ते शोवा सम्राटाच्या गणनेनं बोलत होते. आपण शके काढताना इसवीतून 78 वजा करतो, तसं शोवात 1925 मिळवायचे. शोवा 53 म्हणजे 1978. त्या पिढीची माणसं अजून असंच मोजतात, आणि जुन्या अकूस्टिक गिटारींत के. यायरी या जपानी ब्रँडच्या नंबरातलं साल तर कित्येक वर्षं शोवाचंच असायचं. अमेरिकन डोळ्यांनी तो नंबर वाचला की 1950 च्या आसपासची गिटार सापडल्याचा भास होतो.

आता हिशेब सरळ होता. नंबर ऑगस्ट 76 चा म्हणावा, तर कधीही न हललेल्या डागाखाली जून 78 चं पिकअप कसं आलं? तेच ऑगस्ट 78 म्हटलं की पिकअप आधी तयार होऊन कारखान्यात आलं, दोनेक महिन्यांत गिटारीत बसलं, हे पटतं. खरवडलेला आकडा आठच.

मॉडेलचं मात्र त्यांनी फार मनावर घेतलं नाही. ग्रेकोच्या मॉडेलच्या नावातच किंमत असायची: ईजी-500 म्हणजे पन्नास हजार येन, 700 म्हणजे सत्तर हजार. एका जुन्या कॅटलॉगशी फ्रेटबोर्डवरच्या खुणा नि लाकूड ताडून त्यांनी 500 च्या पायरीवर बोट ठेवलं, आणि ब्रिज पिकअप बदललेलं असल्यानं विकायला गेलात तर त्याचे पैसे कापले जातील असंही बजावलं.

भावाला कळवलं. “म्हणजे विकली तर किती येतील?” त्याचा पहिला प्रश्न. विकायची नाहीये म्हटल्यावर म्हणाला, “मग एवढा खटाटोप कशाला केलास?” त्याला सांगितलं की शिक्का असलेलं त्याच सालचं मॅक्सॉन ब्रिज पिकअप शोधतोय, आणि पुढच्या वेळी येताना तुझ्यासाठी जिस ड्रायव्हर आणतो.