सावळजच्या बागेतून न्हावा-शेवाच्या धक्क्यावर

द्राक्षं कधी उतरवायची हे बागेत ठरतं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. साखर भरली, रेसिड्यूचा म्हणजे फळात उरलेल्या औषधांच्या अंशाचा रिपोर्ट हातात आला, की कात्री चालवायची. पण युरोपला जाणाऱ्या मालाचा हिशोब उलट्या टोकानं सुरू होतो. जहाज कधी लागणार, त्याआधी बंदराचं गेट कधी बंद होणार, हे धरायचं आणि मग मागं मोजत यायचं: घाटातली वाट, कंटेनर भरणं, प्रीकूलिंग म्हणजे माल आधी थंड करणं, पॅकिंग, काढणी. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या सावळजच्या पॅकहाऊसमधल्या फळ्यावर सगळ्यात वर ही गेट बंद व्हायची वेळ लिहिलेली असते. ज्या गेटच्या हिशोबानं आमच्या बायाबापड्या पहाटे बागेत उतरतात, ते बघायची इच्छा बरीच वर्षं होती. यंदाच्या हंगामात बागायतदारांच्या गटाला न्हावा-शेवा बंदर बघायची परवानगी मिळाली आणि आमच्याच मालाच्या कंटेनरमागून आम्ही गाडी काढली.

कंटेनर रात्री भरला. चाळीस फुटी रीफर, म्हणजे थंडीची मशिन असलेला कंटेनर, आत बारा-तेरा टन माल. प्रत्येक बॉक्समध्ये ग्रेप गार्डचा कागद. त्यातून हळूहळू सुटणारा सल्फर डायऑक्साइड बुरशीला रोखतो. घड आधीच शून्य अंशाच्या आसपास आणलेले असतात. हे मुद्दाम सांगतो, कारण रीफर माल थंड करतो असा गैरसमज फार आहे. तो फक्त थंडी टिकवतो. कोमट माल आत गेला तर मशिन कितीही चाललं तरी घड जहाजावर सडतो. दार लागलं, इलेक्ट्रॉनिक सील बसलं आणि ट्रेलर निघाला.

पेठ नाक्याला हायवे लागला. कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा, पुढं पुणं. चहाला थांबलं की ड्रायव्हरदादा आधी कंटेनरच्या मशिनवरचा तापमानाचा आकडा बघायचे, मग कपाला हात. मी म्हटलं, “दादा, बसा की जरा.” तर म्हणाले, “आण्णा, मशिनला वीज देणारा जनसेट बंद पडला तर तुमची वर्षाची बाग जाती. बसू गेटच्या आत गेल्यावर.” गेली कित्येक वर्षं आमची द्राक्षं परदेशी पोहोचली त्यात या माणसांचा वाटा किती मोठा आहे, हे त्या रात्री पुरतं कळलं.

पळस्पे सोडलं की रस्त्यावर कंटेनरशिवाय काही दिसत नाही. बंदराजवळच्या जासई गावाला आम्ही गाडी थांबवायला लावली. मुंबई बंदरावरचा भार हलका करायला हे बंदर उभं राहिलं आणि 26 मे 1989 ला सुरू झालं, एवढं सगळ्यांना सांगितलं जातं. त्याआधीचं कमी सांगतात. बंदरासाठी आणि नव्या मुंबईसाठी इथली भातशेती, मिठागरं संपादित झाली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. 16 आणि 17 जानेवारी 1984 च्या गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व या लढ्यातून आलं. शेवा गावच्या कोळ्यांना उठवून हनुमान कोळीवाड्यात वसवलं. तिथल्या घरांना वाळवी लागली आणि त्यांचा पुनर्वसनाचा झगडा पुढं कित्येक दशकं चालला. आम्हीही जमिनीवर जगणारी माणसं. आमच्या द्राक्षाची वाट याच गावांच्या शेतांवरून जाते, हे सांगलीत कुणी बोलत नाही. बोललं पाहिजे.

बंदरात हेल्मेट आणि पिवळी जाकिटं घालून आम्हाला बसमधून फिरवलं. गेटवर कागद, सील, कंटेनर नंबर तपासून ट्रेलर आत सुटतात. रीफरसाठी वेगळं यार्ड आहे. तिथं लोखंडी मजले उभे करून प्लग बसवलेत. कंटेनर खाली ठेवला की लगेच वीज जोडतात आणि मेकॅनिक ठरावीक वेळानं प्रत्येकाचं तापमान नोंदवतो. आमचा कंटेनर कुठं लागला ते दिसलं नाही, पण त्या रांगांमधून मशिनांची घरघर ऐकताना जीव भांड्यात पडला.

धक्क्यावरची क्रेन बघून मात्र सगळे गप्प झाले. चालक उंचावरच्या काचेच्या केबिनमधून खाली वाकून बघत असतो. खाली कामगार कंटेनरच्या कोपऱ्यातली कुलपं काढतात-घालतात, वर एकामागून एक डबा जहाजात जातो. कुठला डबा कुठं ठेवायचा याचा नकाशा आधीच तयार असतो: जड खाली, हलका वर, पहिल्या बंदरात उतरणारा हाताशी, रीफर जिथं प्लग असेल तिथंच. 2024-25 मध्ये या बंदरानं वीस फुटी मापानं सुमारे 73 लाख कंटेनर हाताळले. देशातला पहिला खासगी कंटेनर टर्मिनलही इथलाच, 1999 चा.

एका सोबत्यानं विचारलं, “रॉटरडॅमला किती दिवस?” पूर्वी सुएझमार्गे तीन-साडेतीन आठवडे धरायचो. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला. दहा-पंधरा दिवस वाढले. ते दिवस घडाच्या आयुष्यातून जातात. देठ वाळला की तिथला ग्राहक पनेट, म्हणजे द्राक्षाचा छोटा डबा, उचलत नाही आणि इथं दर पडतो.

परतताना गाडीत विषय निघाला वाढवणचा. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ 76 हजार कोटींहून अधिक खर्चाचं बंदर होतंय. 30 ऑगस्ट 2024 ला पायाभरणी झाली. तिथं वीस मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली मिळते, म्हणजे आजची सर्वांत मोठी कंटेनर जहाजं थेट लागतील. फायदा आम्हालाही होईल, जरी सांगलीहून वाट आणखी लांबणार असली तरी. पण तिथल्या मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षांचा आहे. जासईला थांबून आल्यावर माझं मत पक्कं झालंय: त्यांच्या समुद्राचा मोबदला, त्यांची वस्ती, त्यांच्या मुलांच्या नोकऱ्या हे सगळं पहिला दगड पाण्यात पडण्याआधी कागदावर यायला हवं होतं. आणि आपल्याकडं कवठेमहांकाळ तालुक्यातल्या रांजणीच्या ड्रायपोर्टची, म्हणजे समुद्रापासून लांब जमिनीवरच्या बंदराची, नुसती चर्चा किती वर्षं ऐकायची? कस्टमचं काम जिल्ह्यातच उरकलं, तर फळ्यावरच्या त्या वेळेआधी काढणीला अर्धा दिवस तरी जास्त मिळेल. पुढच्या बागायतदार मेळाव्यात मी हा विषय मांडणार आहे. सावळज, मणेराजुरी, पलूसच्या मंडळींनी साथ द्यावी.