गजकर्णाने पुन्हा विद्यार्थी केले

पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात गजकर्ण हा आम्हाला सर्वांत सोपा आजार वाटत असे. टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाच्या गोळ्या दोन ते चार आठवडे दिल्या की बहुतेक रुग्ण बरे होत. आज जांघेतले आणि कमरेवरचे चट्टे घेऊन येणाऱ्या, खाजेमुळे कित्येक महिने नीट न झोपलेल्या अनेक रुग्णांना तो उपचार पुरत नाही, आणि त्यामागचे कारण मला त्वचारोगतज्ज्ञांच्या चर्चासत्रांतूनच उमगले. असे गजकर्ण करणाऱ्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीला २०२० मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळाले. टर्बिनाफिन ज्यावर काम करते, त्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराच्या (एन्झाइमच्या) तिच्यातील जनुकात बदल झाला असेल, तर हे औषध निष्प्रभ ठरू शकते. त्यात भर पडते ती औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मिश्र मलमांची. त्यांतील क्लोबेटासॉलसारख्या तीव्र स्टिरॉइडमुळे लाली आणि खाज लगेच ओसरते, परंतु बुरशी पसरत राहते आणि जांघेतली त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात. कोवळ्या वयातल्या मुलांच्या अंगावर ते पाहताना फार वाईट वाटते.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० श्रेयतास (क्रेडिट) लागतात. ते भरणे कठीण नाही. मात्र मला खरा उपयोग झाला तो एकेका रुग्णाच्या उपचारांवर मोकळेपणाने झालेल्या चर्चेचा. आता मी चट्ट्यावरून खरवडलेला त्वचेचा नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः तपासते, आणि घरात आणखी कोणाला खाज आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारते.