तुम्ही विचारलंत म्हणून : डिझाइनची नक्कल कोर्ट कशी ओळखतं?

वाळूज, चिकलठाणा, जालन्याचे कारखानदार हमखास विचारतात : “डिझाइन नोंदणीचं सर्टिफिकेट आहे आमच्याकडं. समोरच्यानं चार बारीकसारीक बदल करून तोच माल काढला. केस जिंकू का?”

नुसत्या सर्टिफिकेटवर याचं उत्तर देता येत नाही. डिझाइन कायदा, 2000 मध्ये परीक्षा डोळ्यांची आहे. वस्तू चालते कशी, याला ती नोंदणी लागू नाही.

पाठीवरचा 16 लिटरचा फवारणी पंप घ्या. टाकीची मागची बाजू पाठीला बसेल अशी वळलेली, वर रुंद झाकण, पट्टे अडकवायला खाचा. हे कामासाठीच लागतं, सगळ्याच पंपांना असतं. त्यावर हक्क सांगता येत नाही. पुढच्या अंगावरच्या तिरप्या पन्हळी, खांद्याची वेगळी गोलाई, एवढंच तुमचं. कोर्ट आधी बघतं ती नोंदणीतली चित्रं आणि नावीन्याचं निवेदन, म्हणजे रूपात नवं काय आहे हे अर्जात लिहिलेलं. चित्रात पन्हळी पुसट आल्या असतील, तर हातातला पंप कितीही देखणा असला तरी उपयोग नाही.

मग बाजारातले जुने पंप समोर येतात. त्यांच्यापासून तुमची टाकी जितकी वेगळी, तितकं संरक्षण मोठं. तुमचाच फरक बोटभर असेल, तर समोरच्याचा बोटभर फरकही त्याला सोडवायला पुरतो. उलट तुमचं रूप खरंच नवं असेल, तर त्यानं झाकणाचा रंग बदलून भागत नाही. हुबेहूब नक्कल लागत नाही; उघड किंवा फसवी नक्कल पुरते. गिऱ्हाईक फसलं हेही सिद्ध करावं लागत नाही, तो ट्रेडमार्कचा मुद्दा.

“त्याच्याकडंही नोंदणी आहे” म्हणून घाबरू नका. आपल्या चितेगावच्या व्हिडिओकॉनचंही वॉशिंग मशीनचं डिझाइन नोंदलेलं होतं. तरी 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं, आपल्या डिझाइनची नक्कल झाली म्हणून दावा लावणाऱ्या व्हर्लपूलच्या बाजूनं अंतरिम मनाई, म्हणजे अंतिम निकालापर्यंतचा मनाई हुकूम दिला.

खरा धोका मात्र दुसरीकडंच आहे. नोंदणी रद्द करायची जी जी कारणं कायद्यात आहेत, ती सगळी समोरच्याला बचावातही वापरता येतात, आणि तो मुद्दा निघाला की दावा जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयात जातो. पहिलं कारण ठरलेलं : अर्जाच्या तारखेआधी माल विकला, कॅटलॉग वाटला, कृषी प्रदर्शनात मांडला. स्वतः उघड केलेलंही मोजलं जातं. प्रदर्शनाची सवलत केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरतीच आहे. तिथंही आधी कंट्रोलरला (डिझाइन नोंदणीच्या सरकारी अधिकाऱ्याला) नोटीस आणि सहा महिन्यांत अर्ज लागतो. चीनहून तयार साचा आणून इथं नोंदणी करणारे तर हमखास अडकतात, कारण पुरवठादाराच्या वेबसाइटवर तेच रूप आधीपासून असतं.

पण जुनं काहीतरी दाखवलं की नोंदणी गेली, असंही नाही. भारत ग्लास ट्यूब विरुद्ध गोपाल ग्लास (2008) मध्ये काचेवरच्या नक्षीची नोंदणी सर्वोच्च न्यायालयानं टिकवली. तीच नक्षी त्याच वस्तूवर आधी आली होती, हे विरोधकाला दाखवता आलं नाही.

भरपाईचा दावा वेगळा करता येतो. तो न करता कायद्यातली ठरावीक रक्कम मागितली, तर ती एका उल्लंघनाला जास्तीत जास्त 25,000 आणि एका डिझाइनला एकूण 50,000 रुपये. म्हणून आमचा जोर मनाई हुकमावर असतो. आणि मालावर ‘रजिस्टर्ड’ची खूण व नंबर पहिल्या डिलिव्हरीपासून टाका. तो नसेल तर, समोरच्याला नोंदणी माहीत होती हे सिद्ध केल्याशिवाय किंवा खूण टाकायची पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवल्याशिवाय भरपाईसुद्धा मिळत नाही.