टॉकीजच्या जागा

रविवार

दुपारी जेवून गावात गेलो. हल्ली मला एक नाद लागलाय. कुठलं टॉकीज कुठं होतं, आता तिथं काय आहे, ते बघत फिरायचं. घरात याला रिकामपणचे उद्योग म्हणतात, आणि ते काही अगदी खोटं नाही. पण ग्लोब, रेक्स, रिट्झ, हंस, रेडिओ, चित्रा, प्रकाश, निर्मल, संतोष, अरुण, बालकृष्ण, स्वरूप, नर्तकी ही नावं एका दमात म्हणणारे आमच्या वयाचे लोक बेळगावात अजून आहेत, तोवर बघून घ्यावं म्हटलं.

कोनवाळ गल्लीत थोडा वेळ उभा राहिलो. इथलं रिट्झ म्हणजे आताचं लोकमान्य रंगमंदिर. सिनेमा गेला, पण नाटकाला आणि गाण्याला माणसं अजून तिथल्या खुर्च्यांत येऊन बसतात. टॉकीजच्या जातीत हे नशीब फार थोड्यांचं. एरवी गावोगाव ठरलेलं: खाली दुकानगाळे, वर लॉज नाहीतर मंगल कार्यालय, आणि वादातली जागा असेल तर पुढच्या दाराला कुलूप न् मागं रानटी एरंड.

मंगळवार

कामानिमित्त निपाणीकडच्या एका गावी जाणं झालं. तिथलं टॉकीज आता गोदाम आहे. बाहेर पाटी वगैरे काही नाही, पण अशी इमारत लपत नाही. मागच्या भिंतीत उंचावर चौकोनी भोकं असतात, त्यातून मशीनचा उजेड यायचा. बाजूच्या भिंतींना एकाआड एक रुंद दारं असतात, खेळ सुटल्यावर गर्दी बाहेर काढायला. आणि आत गेलं की पायाला उतार लागतो. इथं तर पोती सरळ रचता यावीत म्हणून खालच्या अंगाला फरशीचे तुकडे घातलेत. सिनेमासाठी केलेला उतार गोदामवाल्याला रोज आडवा येतो, हे बघून मला उगाचच बरं वाटलं.

"काय बघालाय ओ?" हमालानं विचारलं.

"टॉकीज होतं न्हवं हे?"

"होतं की. आमचा बा पुढं बसून शिट्ट्या मारायचा." एवढं बोलून तो पोतं उचलून गेला.

तिथले जुने ऑपरेटर गावातच राहतात असं कळलं. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही मामाच म्हटलं. वय झालंय, पण मशीनचा विषय निघाला आणि खाटेवर ताठ बसले. सुरुवातीला म्हणे कार्बनवर काम. दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, मध्ये ठिणगी पेटायची, त्याच उजेडावर सगळा सिनेमा. कांड्या जळत जातात तसं मधलं अंतर वाढतं, म्हणून त्या सारख्या पुढं सरकवत राहायचं. विसरलं की पडदा काळवंडला आणि खालून शिव्या सुरू. संपलेल्या कांड्यांचे तुकडे पोरं पळवायची, फरशीवर रेघोट्या ओढायला. पुढं झेनॉनचा दिवा आला आणि हा व्याप थांबला.

"आणि रीळ बदलताना?" मी विचारलं.

एक हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. म्हणून दोन-दोन जोडून घ्यायची आणि दोन मशीनवर आळीपाळीनं लावायची. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका उमटतो, तेव्हा दुसरी मोटर चालू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा उजेड इकडून तिकडं. मामांनी हे हवेत हात फिरवून दाखवलं, डावा हात झाकणावर, उजवा खटक्यावर. "आख्ख्या सिनेमात मी गोष्ट कवा बघितलीच न्हाई," म्हणाले. "कोपराच बघत बसायचा."

बुधवार

कालचं डोक्यातून जात नाही. टॉकीज कशामुळं बंद पडली, तर कुणीही टीव्ही आणि मोबाईल म्हणून मोकळा होतो. टीव्ही आणि व्हिडिओनं घरातल्या बायका-पोरांना घरी बसवलं हे खरं. केबलनं उरलेल्यांना. पण मामांच्या मालकानं त्यानंतरही कितीतरी वर्षं रेटलं. २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा यायला लागला, पुढच्या काही वर्षांत रिळं गेलीच, तेव्हाही त्यांनी नवं मशीन बसवलं. उलट त्यामुळं नवा सिनेमा पुण्या-मुंबईच्याच दिवशी तालुक्याला मिळायला लागला. अडलं ते जागेवर. टॉकीज नेहमी बाजाराच्या ऐन मध्यात. मालक गेले, तीन मुलं, आणि हिशेब केला की एका खेळाच्या गल्ल्यापेक्षा गाळ्याचं भाडं भारी. त्यात चुकलं काय? मीही भावांबरोबर वाटणीला बसलो असतो तर हेच केलं असतं.

मला खटकतं ते वेगळंच. मामा सांगत होते, मालक स्वतः ठरवायचा काय लावायचं ते. तंबाखूचे पैसे हातात आले की घरगुती मराठी सिनेमा, म्हणजे बायका येणार. जत्रेत रात्रीचा जादा खेळ. दादा कोंडके लागले की बैलगाड्या सोडायला जागा नसायची, आणि कन्नडमधला राजकुमार लागला की तेवढीच रांग. दोन्ही रांगांत माणसं पुष्कळशी तीच! सीमेवरून मोर्चे निघायचे, बोर्डांवरून भांडणं व्हायची, पण तिकिटाच्या खिडकीपाशी कन्नड की मराठी हा वाद मामांनी ऐकलेला नाही. वाद एकच, 'ब्लॅकवाल्याला आत कसं सोडलं'. करमणूक कर मात्र भेद करायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी येण्याआधी आपल्याकडं कर्नाटकात कन्नड सिनेमाला तो माफ, मराठीला नाही. तरी मालक मराठी लावायचाच, कारण माणसं येतात हे त्याला दारात उभं राहून दिसायचं.

बेळगावात डझनभर टॉकीज होती म्हणजे डझनभर मालक होते. एकानं मराठी सिनेमा नाकारला तर दुसरा घ्यायचा. आता मल्टिप्लेक्समध्ये कुठला खेळ किती वाजता ते लांबच्या कुठल्यातरी ऑफिसात ठरतं. त्या ऑफिसला जत्रा कधी आणि तंबाखूचा पैसा कधी हातात येतो ते कुठून कळणार? मराठी सिनेमा येतो, नाही असं नाही. पण मधल्या वारी सकाळचा एक खेळ, आणि मग 'प्रतिसाद नाही' म्हणून शुक्रवारी गायब. नोकरदार माणूस मधल्या वारी सकाळी प्रतिसाद कसा देणार, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

शुक्रवार

मामांचा फोन. नातू कोल्हापूरला असतो, त्यानं त्यांना तिथं मराठी सिनेमाला नेलं. निपाणीपासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, त्यामुळं तिकडची बरीच माणसं हेच करतात.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"गार लई. खुर्ची झ्याक. पण फोकस जरा मऊ होता बघा डाव्या अंगाला. मी उठून मागं बघितलं, सांगावं म्हटलं कुणाला तरी. केबिनमधी माणूसच नाही."

नातवानं हात धरून खाली बसवलं म्हणे. मध्यंतरात मामांनी डोअरकीपरला गाठून सांगितलंच. त्यानं कुठंतरी फोन लावला, आणि मध्यंतरानंतर चित्र कडक झालं. पुढच्या वेळी मलाही यायला सांगितलंय.