स्लबचा लॉकविना चालणारा मार्ग

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, लहान ऑब्जेक्टसाठी (मेमरीतील छोट्या रचनांसाठी) मेमरी देणारा स्लब नावाचा जो कोड आहे, त्यातील मोजक्या ओळी मला साऱ्या कर्नलमधील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेल्या ओळींपैकी वाटतात.

मेमरीचे मूळ वाटप बडी अ‍ॅलोकेटर हा कर्नलचा भाग करतो; पण तो 4 किलोबाइटच्या पेजपेक्षा (मेमरीच्या ठरावीक तुकड्यापेक्षा) कमी काही देत नाही, आणि कर्नलला तर क्षणोक्षणी शंभर-दोनशे बाइटचे तुकडे लागतात. सन मायक्रोसिस्टिम्समधील जेफ बॉनविक यांनी यावर 1994 मध्ये स्लॅबची रचना मांडली: एका प्रकारच्या ऑब्जेक्टसाठी पेजेसचा गठ्ठा, म्हणजे स्लॅब, राखून ठेवायचा आणि सोडलेला ऑब्जेक्ट पुढच्या मागणीला तसाच द्यायचा. लिनक्सने ती उचलली. मात्र प्रोसेसर वाढत गेले तशा मोकळ्या ऑब्जेक्टच्या रांगाही वाढल्या, आणि हजारभर नोडच्या (प्रोसेसर-मेमरीच्या गटांच्या) यंत्रांवर नुसत्या त्या रांगांच्या नोंदींतच काही गिगाबाइट अडकून पडू लागले. म्हणून ख्रिस्तोफ लामेटर यांनी 2007 मध्ये स्लब आणला.

स्लबमध्ये पुढच्या मोकळ्या ऑब्जेक्टचा पत्ता आधीच्या मोकळ्या ऑब्जेक्टच्याच पोटात लिहिलेला असतो, कारण ती जागा तेव्हा कोणीच वापरत नसते. शिवाय प्रत्येक प्रोसेसरची यादी स्वतंत्र असल्यामुळे नेहमीच्या वाटपाला लॉक, म्हणजे इतरांना थांबवून ठेवणारे कुलूप, लागत नाही. खरी अडचण इंटरप्टची, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून त्याच प्रोसेसरवर दुसरा कोड चालवणाऱ्या व्यत्ययाची, आहे. समजा यादीच्या टोकाला ‘क’ आहे आणि त्यामागे ‘ख’. आपण हे वाचून घेतले, तेवढ्यात इंटरप्ट आला, त्याने दोन्ही घेतले आणि ‘क’ परत सोडला. टोकाला पुन्हा ‘क’च दिसतो, तेवढेच तपासून पुढे गेलो तर ‘ख’ एकाच वेळी दोघांच्या हाती जाईल. म्हणून टोकाच्या पॉइंटरसोबत (पत्त्यासोबत) एक क्रमांक ठेवलेला असतो, जो प्रत्येक घेण्या-सोडण्याला बदलतो, आणि प्रोसेसरची एकच सूचना दोन्ही किमती एकत्र ताडून बदलते. ताळा जमला नाही तर पुन्हा सुरुवात. लॉक घेणे टाळले, आणि त्यासाठी अचूकतेशी कुठेही तडजोड केली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

ड्रायव्हर (उपकरणे चालवणारा कर्नलमधील कोड) लिहिणाऱ्यांच्या हाती यातील एक गोष्ट नक्की असते, ती म्हणजे आकाराची निवड. 700 बाइटची रचना केमॅलॉकने (ठरावीक मापांचे तुकडे देणाऱ्या कर्नलच्या सर्वसाधारण फंक्शनने) मागितली, तर 1024 बाइटचा तुकडा मिळतो आणि 32 किलोबाइटच्या स्लॅबमध्ये असे 32च बसतात. तीच रचना स्वतंत्र कॅशमध्ये (फक्त त्याच रचनेसाठी राखलेल्या स्लॅबच्या संचात) 704 बाइटला बसवली, तर 46 मावतात. अशा रचना हजारोंनी जिवंत राहणार असतील, तर हा फरक घ्यायलाच हवा. दहा-वीसच लागणार असतील, तर वेगळ्या कॅशचा खटाटोप करू नये. अर्धवट भरलेल्या स्लॅबमध्ये जागा उलट जास्तच अडकते. निर्णय घेण्याआधी स्लॅबचा वापर दाखवणारी स्लॅबटॉप ही कमांड चालवून प्रत्यक्ष भार असताना किती ऑब्जेक्ट जिवंत असतात, ते पाहावे.