डार्करूम पुस्तकातून शिकता येते का?

तुम्ही विचारलंत म्हणून. माझ्या न्हाणीघरातला एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचे यंत्र, पाहिला की प्रत्येक जण हेच विचारतो: कृष्णधवल छपाई कोणाच्याही हाताखाली न राहता, नुसती पुस्तके वाचून जमते का? आजवर ‘जमते की’ म्हणून मी वेळ मारून नेली.

पुस्तकांनी मला फसवले, असे मी म्हणणार नाही. डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारे रसायन, २० अंशांवर ठेवा, असे ती सांगतात. पुण्यात मे महिन्यात नळालाच त्याहून गरम पाणी येते, तेव्हा ट्रे बर्फाच्या परातीत ठेवायची अक्कल वाचकाने लढवायची, इतकेच.

वडिलांच्या फोटोचे मात्र तसे नाही. ते गेल्यावर त्यांच्या एका निगेटिव्हवरून मोठा फोटो करायला घेतला, तर त्यांचा पांढरा सदरा काही केल्या पांढरा उतरेना. कागद बदलला, डेव्हलपर नवा केला, तरी राखाडीच. शेवटी झिरोच्या बल्बला लाल जिलेटिन कागद गुंडाळून केलेल्या माझ्या सेफलाइटचा, म्हणजे फोटोपेपरवर परिणाम होऊ नये अशा डार्करूममधल्या दिव्याचा, संशय आला, म्हणून पुस्तकात दिल्याप्रमाणे कोऱ्या फोटोपेपरवर रुपया ठेवला, त्या दिव्याखाली पाच मिनिटे थांबलो आणि कागद डेव्हलपरमध्ये टाकला. नाण्याचा मागमूसही उमटला नाही. दिवा निर्दोष ठरला आणि फोटो चौकटीत घालून मी आईला दिला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “यांचा सदरा इतका मळका कधी नसायचा रे.”

चार महिन्यांनी त्याच पानावरचा पुढचा परिच्छेद वाचला. कोरा कागद थोडा प्रकाश पचवतो, खूण दाखवत नाही. म्हणून त्याला आधी एन्लार्जरखाली फिकट राखाडी होण्यापुरता प्रकाश द्यायचा आणि मग नाणे ठेवायचे. तसे केले, आणि ट्रेमधल्या करड्या कागदावर रुपयाएवढा फिकट गोल हळूहळू वर आला.

अर्धेच वाचले तो दोष माझा, पुस्तकाचा नव्हे, असे मी पुष्कळ वर्षे ठणकावून सांगत असे. आता तेही पुरते पटत नाही. जाणत्या माणसाने तो बल्ब पाहताच कपाळाला हात लावला असता. पुस्तकाला माझा ओला फोटो दिसत नाही. तरीही मी कोणाकडे शिकायला गेलो नाही, आणि त्यात भिडेचा भाग किती व हट्टाचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

दिवा बदलून फोटो पुन्हा केला. ट्रेमध्ये सदरा पांढराशुभ्र दिसत होता. वाळल्यावर तो छटाभर काळवंडला. हेही पुस्तकात लिहिलेले होते.