पाकिटावर एक, तोंडावर एक

पत्रिकेवर कीर्तनकाराच्या नावाआधी 'ह.भ.प.' छापायचं राहिलं की रुसवा ठरलेला. तेच बुवा दारात आले की मात्र "या हभप, चहा घ्या" असं कुणी म्हणत नाही; तिथे 'महाराज'. ही गंमत ज्याला ठाऊक, त्याला इंग्लंडच्या चर्चमधला 'रेव्हरंड' निम्मा कळलाच. रेव्हरंड हे विशेषण आहे, हाक नव्हे. पाकिटावर 'द रेव्हरंड जॉन स्मिथ' असं पूर्ण नाव हवं. नुसतं 'रेव्हरंड स्मिथ' तिकडच्या जाणकारांना खड्यासारखं लागतं. आपल्याकडे 'रेव्हरंड टिळक' इतकं रुळलंय की ते बदलायला जाणं हाच आगाऊपणा ठरेल.

या विशेषणाला पायऱ्या आहेत. साधा पाद्री रेव्हरंड, कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, प्रमुख पाद्री असलेला डीन 'व्हेरी रेव्हरंड', बिशप 'राइट रेव्हरंड', आर्चबिशप 'मोस्ट रेव्हरंड'. 'व्हेरी'पेक्षा 'राइट' वरचं, इथे नवखा हमखास घसरतो. बिशपच्या हाताखाली कारभार पाहणारा आर्चडीकन मात्र या जिन्यावर नाहीच, तो 'व्हेनरेबल'. शिवाय नावात डीकन असलं तरी माणूस प्रीस्ट असतो. दीक्षा तीनच, खालून वर: डीकन, प्रीस्ट आणि बिशप. आर्चबिशप ही चौथी दीक्षा नव्हे, ते पद. म्हणून निवृत्तीनंतर रीतीप्रमाणे 'मोस्ट' गळतं आणि 'राइट' उरतं. सौजन्य म्हणून कुणी जुनंच लावलं तर भाग वेगळा.

कँटरबरी आणि यॉर्कचे आर्चबिशप आणि लंडनचे बिशप प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेच्या सल्लागार मंडळात, असतात, त्यामुळे त्यांना 'राइट ऑनरेबल'ही लागतं. लंडनच्या पाकिटावर मग 'राइट रेव्हरंड अँड राइट ऑनरेबल' असे दोन 'राइट' येतात. छपाईची चूक समजून एक खोडू नये. आयर्लंडमध्ये मीथ आणि किल्डेअरचे बिशप आर्चबिशप नसूनही परंपरेने 'मोस्ट रेव्हरंड'. आणि यॉर्क 'इंग्लंडचे प्रायमेट', म्हणजे प्रमुख धर्माधिकारी, तर कँटरबरी 'सर्व इंग्लंडचे प्रायमेट'. एका 'सर्व'मध्ये केवढं राजकारण मुरलंय!

बोलताना पूर्वी बिशपला 'माय लॉर्ड' आणि आर्चबिशपला 'युअर ग्रेस' म्हणत. जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या 1968च्या लॅम्बेथ परिषदेनंतर हे ओसरत गेलं. आता नुसतं 'बिशप' किंवा 'आर्चबिशप' म्हटलं तरी चालतं, पत्रातही 'डिअर बिशप'. 2015पासून इंग्लंडच्या चर्चमध्ये स्त्रियाही बिशप होऊ लागल्या, तेव्हा हा साधेपणा फारच सोयीचा पडला.

खरी मजा सहीत. आधी छोटा क्रूस, मग पहिलं नाव, मग आडनावाच्या जागी धर्मप्रांताचं बहुधा लॅटिन वळणाचं आखूड रूप: कँटरबरीचं 'कँट्युआर', यॉर्कचं 'एबोर', डरहॅमचं 'डनेल्म', विंचेस्टरचं 'विंटन'. अगदी आपल्या 'कर'सारखं. फरक इतकाच की आपला सातारकर नागपुरात चार पिढ्या राहिला तरी सातारकरच. बिशपची बदली झाली की सही बदलते. जस्टिन वेल्बी 2013मध्ये डरहॅमहून कँटरबरीला आले आणि 'जस्टिन डनेल्म'चे 'जस्टिन कँट्युआर' झाले. सही वाचून उत्तरात 'मिस्टर डनेल्म' लिहायचा मोह मात्र आवरावा. पाकिटावर 'द राइट रेव्हरंड द लॉर्ड बिशप ऑफ डरहॅम', आत 'डिअर बिशप', बस्स.